माशीवालीच्या दारावरचा दोरा

पहिला दोरा बाईंना चपलेला चिकटलेला सापडला. निळा, वीतभर लांब, एका टोकाला मेणाचा बारीक ठिपका. दुसरं कोणी असतं तर पाय झटकून पुढे गेलं असतं. बाईंनी तो चिमटीत धरून खिडकीपाशी नेला, उजेडात उलटसुलट करून पाहिला आणि रिकाम्या काडेपेटीत घालून ठेवला. दुसऱ्या सकाळी उंबऱ्यावर हिरवा सापडला. तेव्हा त्यांनी काय ते ओळखलं, आणि पुढच्या सकाळी दार नेहमीसारखं न उघडता अगदी हलकेच करंगळीएवढी फट केली आणि खाली नजर टाकली. घोट्याच्या उंचीवर, दाराच्या फळीपासून चौकटीपर्यंत, बाहेरून एक पिवळा दोरा चिकटवलेला होता. दोन्ही टोकांना मेण. दार पुरतं उघडलं की तो सुटणार, आणि लावणाऱ्याला कळणार की बाई बाहेर पडल्या.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली म्हणणं कमीच होईल. त्यांच्या मनात पालीचा कायमचा मुक्काम होता, तिला नुसतं निमित्त लागायचं.

लावणारी कोण, हे शोधायला लांब जायला नको होतं. जिन्याच्या पलीकडे, बरोबर समोरच्या खोलीत शिवणवाली राहायची. दिवसभर तिचं मशीन चालायचं आणि दार अर्धवट उघडं असायचं. दोरा आणि मेण म्हटल्यावर दुसऱ्या कोणाचं नाव घेणार? प्रश्न होता तो कशासाठी, आणि कोणाच्या सांगण्यावरून.

तिच्याविरुद्ध बाईंकडे पुरावा भरपूर होता. बाईंनी कडी काढली की समोरचं मशीन थांबायचं. बाई जिना उतरून गेल्या की परत चालू व्हायचं. कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवली की शिवणवाली येता-जाता तिच्यात डोकावायची, हे बाईंनी दाराच्या भोकातून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. शिवाय वरचेवर विचारायची, ‘मॅडम, काही आणायचंय का?’ बाईंना आयुष्यात ज्यांनी ज्यांनी मॅडम म्हटलं, ते सगळे काहीतरी मागायला आलेले होते. ही मात्र मागत काहीच नव्हती, आणि तेच बाईंना जास्त खटकत होतं.

एके काळी ह्या बाईंना बघायला लोक रांगा लावत. हे आज त्या जिन्यात कोणाला सांगितलं असतं तर माणसं हसली असती.

सिनेमे फार वरच्या दर्जाचे नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. चार आठवड्यांत उरकलेले, एकाच बंगल्यात पडदे बदलून काढलेले. खून, भुतं, तळघरातला वेडा डॉक्टर, पुतळ्यात जीव अडकलेला कोणीतरी. त्यांत बाईंचं काम ठरलेलं असे, ते म्हणजे मरायचं. कधी गळा आवळून, कधी विष पिऊन, कधी गच्चीवरून ढकलून. तेही मध्यंतराच्या आत, कारण मध्यंतरानंतर नायकाला खुनी शोधायचा असे आणि नायिकेला त्याच्या गळ्यात पडायचं असे. मेलेल्या बाईसाठी रडायला कोणाकडे वेळ नसे. इन्स्पेक्टर यायचा, चादर ओढायचा, ‘हं’ म्हणायचा, की बाई मोकळ्या.

पण मरण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. छाती हलू न देता श्वास पाठीत घ्यायचा, हे त्यांनी कोणी न शिकवता साधलं होतं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तसंच्या तसं परत पडणं. सिनेमात एकच प्रसंग तुकड्यातुकड्यांत काढतात, मध्ये जेवणाची सुट्टी होते, दिवे हलवतात, कधीकधी उरलेलं काम आठवड्यानं करतात. प्रेत मात्र जागचं हललेलं दिसता कामा नये. बाकीच्यांसाठी एक माणूस फोटो घेऊन बसे आणि सांगे, हात जरा वर, मान इकडे. बाईंना ते लागत नसे. त्या जेवून, तोंड धुऊन यायच्या आणि पडायच्या, आणि केसाची बट पूर्वी ज्या भुवईवर होती त्याच भुवईवर यायची. झग्याची चुणीसुद्धा तीच. त्या फोटोवाल्याला बाईंच्या दिवशी सुट्टीच असे. तो बाहेर जाऊन सिगारेट ओढत बसे.

मग ती माशी आली. एका सिनेमात बाईंना तलावाच्या काठावर डोळे उघडे ठेवून मरायचं होतं. कॅमेरा चालू झाला आणि कुठूनशी एक माशी येऊन त्यांच्या गालावर बसली. गालावरून ती ओठाच्या कोपऱ्यात गेली, तिथे रेंगाळली, नाकावर चढली, आणि शेवटी पापणीच्या कडेला जाऊन पाय घासत बसली. बाईंनी पापणी हलवली नाही. दिग्दर्शक ‘कट’ म्हणायचं विसरला. माशी आपणहून उडाली तेव्हा कुठे सगळ्यांनी श्वास सोडला, आणि बाईंनीही.

त्या मोसमात गावभर एकच विषय होता. लोक तिकीट काढून माशी बघायला येत आणि मध्यंतराला उठून जात. निम्मं थिएटर रिकामं झालेलं पाहून नायकाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बाईंचं नाव कोणाला पाठ नव्हतं, सगळे ‘माशीवाली’ म्हणत. पोस्टरवर त्यांचा चेहरा नायिकेपेक्षा मोठा छापला गेला. दुकानांच्या उद्घाटनांना त्यांना बोलावणं येई आणि फीत कापून झाली की कोणीतरी लाडीगोडीनं म्हणे, ‘जरा मरून दाखवा ना.’ बाई दाखवायच्या. काउंटरच्या शेजारी फरशीवर पडून राहायच्या आणि लोक टाळ्या वाजवायचे.

पुढच्या वर्षी त्यांनी निर्मात्याला सांगितलं, मला बोलायचं काम द्या, शेवटपर्यंत जगणारं. त्यानं दिलं. लोक आले, आणि सिनेमाभर बाई कधी मरतात याची वाट बघत बसले. त्या प्रेमाबद्दल बोलत होत्या तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, ‘आता तरी मर की.’ थिएटर हसलं. बाई त्या खेळाला शाल गुंडाळून स्वतः येऊन बसल्या होत्या. त्यानंतर त्यांनी परत तसं काम मागितलं नाही. थोड्याच दिवसांत रबराच्या बाहुल्या आल्या. बाहुलीला ना जेवण लागतं ना झगा लागतो, शिवाय कितीही वरून फेकली तरी चालते. बाईंची गरज संपली. पुढची सगळी वर्षं त्यांनी भाड्यानं कपडे देणाऱ्या एका गोदामात बटणं मोजण्यात आणि डाग काढण्यात घालवली.

संशयाचं मूळ मात्र त्यात नव्हतं. ते एका लाइटवाल्यात होतं. सेटवर दिवे लावणारा तो माणूस दोन-तीन वर्षं बाईंच्या घरी राहिला. लग्न करू म्हणायचा. मग एका संध्याकाळी बाई शूटिंगवरून घरी आल्या तर तो नव्हता, आणि त्याची एकही वस्तू नव्हती. आणि बाईंचं भिंतीवरचं घड्याळ, रेडिओ, चांदीचा डबा, तेही नव्हतं. शेजारणीनं सांगितलं की तो महिनाभर रोज काहीतरी काखोटीला मारून नेताना दिसायचा, तिला वाटलं दुरुस्तीला नेतोय. सेटवर केसाची बट लक्षात ठेवणाऱ्या बाईंना आपलं घर रोज थोडंथोडं रिकामं होतंय हे कळलं नव्हतं. माणूस गेल्याचं दुःख वर्षभरात ओसरलं. आपल्याला कळलं कसं नाही, ही जळजळ कधीच गेली नाही. तेव्हापासून बाई घरातून निघताना प्रत्येक खोलीवर नजर फिरवत, परत आल्यावर पुन्हा फिरवत, आणि कपाचा कान वळलेला वाटला तरी तासभर अस्वस्थ राहत.

आता म्हातारपणी त्यांना जगाकडून एकच गोष्ट हवी होती, की ह्या दोन खोल्यांमधून आपल्याला कोणी हलवू नये. आणि नेमकं तेच कोणाच्या तरी मनात आहे, अशी त्यांची खात्री होती.

तो कोणीतरी म्हणजे भाचा. मेलेल्या बहिणीचा मुलगा, एवढं एकच नातं उरलेलं. तो अधूनमधून फोन करायचा आणि दर खेपेला शहराबाहेरच्या एका संस्थेचं कौतुक सांगायचा. बाग आहे, डॉक्टर आहे, तुझ्या वयाची माणसं आहेत. मध्यंतरी एका ओळखीच्या माणसाला घेऊन घरी आला. तो माणूस चहा घेता घेता छताकडे बघत होता आणि जाताना त्यानं भिंतीवर बोटानं टकटक करून पाहिलं. बाईंनी त्याच वेळी भाच्याला सांगून टाकलं.

“मी मेले तरी इथून हलणार नाही.”

“मावशी, तुला मरायची सवयच आहे,” भाचा हसत म्हणाला.

ओळखीचा माणूसही हसला. बाई हसल्या नाहीत.

आणि मग खालच्या मजल्यावरचं प्रकरण झालं. तिथे एक म्हातारा घड्याळजी राहायचा, एकटाच, अबोल. तो केव्हा गेला कोणाला कळलं नाही. वास येऊ लागला तेव्हा दार फोडलं, तोवर बरेच दिवस उलटले होते. शिवणवाली त्या दिवशी जिन्यात बसून ढसाढसा रडली. बाईंनी वरून कठड्याआडून पाहिलं आणि मनात म्हणाल्या, काम वाईट आहे. नाक गळतंय, तोंड वाकडं होतंय, शब्द कळत नाहीत. कुठलीही नटी रडताना नाक गळू देत नाही. ज्या माणसाशी हिचे चार शब्दही झाले नव्हते त्याच्यासाठी एवढं रडायचं म्हणजे काहीतरी लपवायचं असणार. पुढे घड्याळजीच्या खोलीची किल्ली शिवणवालीकडेच राहिली आणि खोली बघायला येणाऱ्यांना तीच दार उघडून दाखवू लागली, तेव्हा बाईंचा हिशेब पुरा झाला. ही बाई एकट्या म्हाताऱ्यांच्या खोल्यांवर डोळा ठेवून आहे. खालची झाली, आता वरची. भाच्याशी हिचं संधान बांधलेलं असणार. त्यानंतर थोड्याच दिवसांत दाराला दोरे लागायला लागले, यापरता आणखी काय पुरावा हवा होता?

मग बाईंनी डाव उलटवायचा ठरवला. दोरा सुटला म्हणजे घर रिकामं. दोरा जागच्या जागी म्हणजे बाई घरात. बाई कायमच घरात आहेत असं दिसलं तर किल्ली घेऊन आत घुसायची कोणाची छाती होणार नाही. म्हणजे दोरा जसाच्या तसा राहायला हवा. आणि हे काम जगात कोणाला जमणार असेल तर ते माशीवालीलाच.

पहिल्या दिवशी ठिपका दोनदा निसटला. दार जेमतेम उघडायचं, फटीतून हात बाहेर काढून फळीवरचा मेणाचा ठिपका नखानं अलगद सोडवायचा, दोरा चौकटीवरून लोंबता ठेवून बाहेर पडायचं. परत आल्यावर आतून दार फटीएवढं उघडं ठेवून, तोच हात बाहेर काढून ठिपका त्याच जागी दाबायचा आणि दार लावायचं. वाटतं तितकं हे सोपं नव्हतं. शिवणवालीचा दोरा ताठ नसायचा, मध्ये त्याला किंचित झोळ असायचा, आणि झोळ कमी-जास्त झाला तर तिच्यासारख्या टाके मोजणाऱ्या बाईच्या लक्षात आलंच असतं. बाईंनी झोळ साधला. फळीवर रंगाचा एक पोपडा उडाला होता, त्याच्या खालच्या कडेला ठिपका टेकायचा. तोही बरोबर तिथेच टेकवला.

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. कडीला तेल घातलं, आता ती निघताना कुरकुरत नव्हती. चपला हातात घेऊन अनवाणी जिना उतरू लागल्या, आणि तेही दुपारी, शिवणवाली कपडे पोचवायला गेली की. कचरा बाहेर ठेवणं बंद केलं, पिशवी पदराखाली लपवून दोन गल्ल्या सोडून टाकून यायच्या. दुधाचा रतीब तोडून पावडरचा डबा आणला. दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला, उजेड बाहेर जायला नको. रेडिओ बंद. फोनची वायर काढून ठेवली, कारण भाचा फोन करून आपण घरात आहोत का ते तपासतो असं त्यांना वाटत होतं. शिवणवालीनं एकदा दार वाजवलं. ‘मॅडम, आहात ना?’ बाई दाराला चिकटून उभ्या होत्या, श्वास पाठीत. ती बराच वेळ थांबून परत गेली.

आणि खरं सांगायचं तर बाई खुशीत होत्या. कित्येक वर्षांनी त्यांना काम मिळालं होतं. प्रेक्षक एकच होता, पण डोळ्यात तेल घालून बघणारा होता, आणि बाई त्याला रोज चकवत होत्या. पिवळा दोरा जागचा हलला नाही. संध्याकाळी शिवणवाली येऊन वाकून बघायची, हे बाई भोकातून पाहत. ती बघायची, ओठ चावायची आणि नवा दोरा न लावताच परत जायची. बाई आत हसू दाबत पावडरच्या दुधाचा चहा प्यायच्या.

आपण ज्या ज्या गोष्टी करतोय त्या सगळ्या मिळून बाहेरून कशा दिसतात, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही. साहजिकच होतं. प्रेत कसं दिसतं हे प्रेताला कधी बघायला मिळत नाही.

एके दिवशी सकाळी समोरचं मशीन चालूच झालं नाही. बाईंना ती शांतता बोचली. त्या दाराशी जाऊन कान लावून उभ्या राहिल्या. शिवणवाली जिन्यातच उभी राहून फोनवर बोलत होती, आवाज दबका पण शब्द स्पष्ट.

“हो, अजून तसाच आहे. जराही हललेला नाही.” मग थोडं थांबून, “रविवारी? अहो, रविवारपर्यंत थांबायचं कशाला? तुम्ही येऊ नका हवं तर. मी आजच उघडून घेते, खालच्या सुताराला बोलावलंय.” पुन्हा थांबून, “कळवते ना. आत काय निघतंय ते बघते आणि लगेच कळवते.”

म्हणजे पलीकडे भाचा होता. म्हणजे सगळं खरं होतं. इतकी वर्षं लोक म्हणत आले, बाईंना उगीच संशय येतो, आणि आज सगळं खरं निघालं होतं. यात त्यांना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. भीती वाटली, निव्वळ भीती, लहान मुलीला वाटते तशी. आत काय निघतंय म्हणजे काय? घरात होतं तरी काय? एक पोस्टर, चार झगे आणि त्या स्वतः.

जिन्यावर जड पावलं वाजली. बाई धावत कपाटाशी गेल्या, जुन्या सामानाच्या पेटीतून सुरा काढला, मुठीत घट्ट धरला आणि मग त्यांना आठवलं की हा तोच सुरा, ज्याचं पातं दाबलं की मुठीत जातं. ह्याच सुऱ्यानं त्यांचा दोन सिनेमांत खून झाला होता. त्यांनी तो परत पेटीत ठेवला. पेटीचं झाकणसुद्धा नीट लावलं, सवयीनं.

दारावर हात आपटले गेले. शिवणवाली हाका मारत होती. बाईंच्या तोंडून शब्द फुटेना. ‘कोण आहे’ एवढं म्हटलं असतं तरी सगळं थांबलं असतं, पण बोलायचं काम त्यांना आयुष्यात एकदाच मिळालं होतं, आणि तेव्हा सगळं थिएटर हसलं होतं. सुतारानं पटाशी लावली. लाकूड करकरलं. तेव्हा बाईंना एकच गोष्ट आठवली, सबंध आयुष्यात अनुभवानं पटलेली, की मेलेल्या बाईला कोणी काही करत नाही. मारामाऱ्या तिच्या अंगावरून होतात, खुनी तिला ओलांडून जातो, इन्स्पेक्टर चादर ओढून निघून जातो.

त्या फरशीवर पडल्या. उजवा हात डोक्यावर, डावा कमरेशी, मान खिडकीकडे, डोळे उघडे. केसांची पांढरी बट भुवईवर आली, जिथे काळी यायची तिथेच.

कडी तुटली. दार भिंतीवर आदळलं. सुतार दोन पावलं आत आला आणि थबकला. मग म्हणाला की उशीरच झाला म्हणायचा, तुम्ही आत येऊ नका, मी पोलिसांना बोलावतो. त्याची पावलं जिन्याकडे गेली.

बाई खिडकीच्या गजाकडे बघत होत्या. आता ही कपाटं उघडेल, त्यांनी मनाशी म्हटलं. आता किल्ल्या शोधेल. त्यांनी कान टवकारले. कपाटाचा आवाज आला नाही. शेजारी कोणीतरी धपकन फरशीवर बसलं. एका हातानं त्यांचा हात उचलून मांडीवर घेतला. बोटांना सुयांचे घट्टे होते.

“मावशी,” शिवणवाली म्हणाली. मॅडम नाही. “मावशी, मी रोज दोरा लावत होते हो. खालच्या आजोबांचं झालं ना, तेव्हा ठरवलं होतं, आता असं कोणाचं होऊ द्यायचं नाही. तुम्हाला विचारलेलं आवडायचं नाही, म्हणून दोरा. सकाळी तो सुटलेला दिसला की मला बरं वाटायचं. तीन दिवस सुटला नाही. तुमच्या भाच्यानं मागे नंबर दिला होता, त्यांना कळवलं, तर रविवारी बघू म्हणाले. मी पहिल्याच दिवशी यायला हवं होतं. तुम्ही रागवाल म्हणून नाही आले.”

मग ती रडायला लागली, आणि बाईंनी न हलता, डोळ्यांच्या कडेनं पाहिलं. नाक गळत होतं. तोंड वाकडं झालं होतं. शब्द कळत नव्हते. जिन्यातलं तेच वाईट काम, आणि बघायला इथे कोणी नव्हतं.

बाई किती वेळा मेल्या असतील, त्यांनाही आठवत नव्हतं. गळा आवळून, विष पिऊन, गच्चीवरून पडून. इतक्या मरणांत त्यांच्यासाठी एकदाही कोणी रडलं नव्हतं, पटकथेत ते लिहिलेलंच नसायचं. आता त्यांना कळेना की काय करावं. उठायचं कसं? ‘कट’ म्हणणारं इथे कोणी नव्हतं. त्यांनी श्वास पाठीत धरून ठेवला. शिवणवाली त्यांचे उघडे डोळे मिटायला वाकली आणि तिच्या हनुवटीवरून एक थेंब बाईंच्या गालावर पडला, ओठाच्या कोपऱ्याकडे ओघळला.

माशी सहन झाली होती. हे झालं नाही. आधी गाल थरथरला, मग पापणी, मग सबंध अंग.

शिवणवाली किंचाळून मागे सरकली आणि कपाटाला आपटली. बाई उठून बसल्या. केस मागे सारले. बाईंचं अंग अजून कापत होतं, आणि कापत्या आवाजातसुद्धा पहिला प्रश्न संशयाचाच आला.

“तुला माझ्यासाठी रडायला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही,” शिवणवाली म्हणाली. आणि मग तिला राग आला, खराखुरा, सणसणीत. एवढं जिवंत असून दार उघडायला काय झालं होतं, म्हणून तिनं बाईंना अशी काही झाडली की पोलिसाला घेऊन वर आलेला सुतार दारातच उभा राहिला. शेवटी बाईंनी हळूच सांगितलं की दोरा मीच परत लावत होते. शिवणवालीला ते आधी पटेना. बाईंनी तिला दारापाशी नेऊन हात फटीतून बाहेर काढून दाखवला, झोळासकट. शिवणवालीनं वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाली की हे मला ओळखू आलं नाही. बाईंना यापेक्षा चांगली दाद कधी मिळाली नव्हती, आणि ती मिळाल्याची त्यांना लाजही वाटली.

दुपारी भाच्याचा फोन आला, शिवणवालीच्याच फोनवर. तो म्हणत होता, बघा, मी सांगत होतो, मावशीला एकटं ठेवण्यात अर्थ नाही, आता ऐकायलाच हवं. शिवणवालीनं त्याला सांगितलं की कडी सुतारानं बसवून दिलीये, मावशी ठणठणीत आहेत, आणि एकट्या कुठे आहेत, मी समोरच आहे की. बाई तिच्या स्टुलावर बसून हे ऐकत होत्या. ही असं का म्हणते, यात हिचा काय फायदा, हे त्यांनी मनात सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं. फायदा सापडला नाही. तरी शोध त्यांनी सोडून दिला असं नाही.

दोरा अजून लागतो. रोज संध्याकाळी, घोट्याच्या उंचीवर, जो रंग मशीनवर असेल त्या रंगाचा. सकाळी बाई कडी खणकन वाजवून काढतात, दार सताड उघडतात, दोरा सुटतो. समोरचं मशीन क्षणभर थांबतं आणि पुन्हा चालू होतं.

पण एखाद्या सकाळी त्या मुद्दाम उशीर करतात. चपला घालून, पिशवी घेऊन तयार असतात, तरी दार उघडत नाहीत. आतून दाराला कान लावून, श्वास पाठीत घेऊन उभ्या राहतात. मशीन चालू असतं. मग हळू होतं. मग थांबतं, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, आणि पावलं जिना ओलांडून यायला लागतात. ती दाराशी पोचेपर्यंत बाई कडीला हात लावत नाहीत.